एकशेवीस तास

मोहिनी पाटीलने सेवंतीची वही चार दिवसांत उतरवून काढली. निळ्या शाईत, समास सोडून, एकही खाडाखोड न करता.

दोघी शहाद्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होत्या. कॉलेजने ‘पाणी आणि समाज’ नावाचा जोडअभ्यास सुरू केला होता. तीन वर्षांत चार पेपर द्यायचे आणि शेवटी एखाद्या गावात एकशेवीस तास प्रत्यक्ष काम करायचं. हे सगळं पूर्ण करणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर एक वेगळी ओळ छापून येणार होती. दिसायला ओळच; पण नाशिकच्या एका संस्थेत पाण्याच्या नियोजनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, आणि तिथल्या काही जागा ही ओळ असणाऱ्यांसाठीच ठेवलेल्या होत्या. राहणं-जेवणं संस्थेचं. दोघींनी तिथे एकच खोली घ्यायची असं ठरवूनही टाकलं होतं.

मोहिनी चारही पेपरांत पहिली आली. अडलं ते एकशेवीस तासांपाशी. या अभ्यासाचं काम बघणाऱ्या धीरज सरांनी दोघींना सेवंती पावराचा पाडा दिला होता, धडगावच्या पुढे, डोंगरात. तिथले झरे शोधायचे, कुठला कधी आटतो ते लिहायचं, पाण्याला कोण जातं, किती खेपा होतात ते मोजायचं. वही मात्र प्रत्येकीची वेगळी.

मोहिनीचं घर तापीकाठचं, केळी-कापसाचं. दोन वर्षांपूर्वी तिचा चुलतभाऊ धर्मेंद्र धडगावच्या घाटात जीपसकट कोसळून मेला होता. तिच्या वडिलांनीच, दगा पाटलांनी, त्याला दरीतून वर आणलं होतं. तेव्हापासून त्या रस्त्याचं नाव घरात निघत नसे. मोहिनीने विचारलं तेव्हा ते जेवत होते. ताटावरून मान न उचलता म्हणाले, “घाटमा जावानं नाव काढू नको. दुसरं काय बी कर.”

सरांना सांगून दुसरं गाव मागता आलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता मार्च उजाडला. मग तिने सेवंतीकडे वही मागितली.

“घे ना,” सेवंती म्हणाली. “पाणी काय माझ्या एकटीचं आहे का?”

मोहिनीने वही दोन एप्रिलला जमा केली. सेवंतीच्या घरी मोहाची फुलं वेचायची घाई होती. ती खाली आली सात तारखेला. तिची वही मळलेली, कडा ओल लागून फुगलेल्या, मध्येच पेन्सिलने लिहिलेलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. तेच अकरा झरे, तेच आकडे. आणि दोन्हींत एका पानावर तारीख होती ३१ नोव्हेंबर.

शुक्रवारी दोघींना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. परीक्षक बाई, प्राचार्य, कोपऱ्यातल्या खुर्चीवर धीरज सर. बाईंनी मोहिनीची वही हातात घेतली.

“ही आधी जमा झालीय. किती नेटकं काम आहे! मोहिनी, तू तुझी वही हिला दिली होतीस का?”

मोहिनीला वाटलं, आता कुणीतरी हसेल, सेवंती काहीतरी बोलेल आणि सगळं आपोआप सरळ होईल. बाई तिच्याकडेच बघत होत्या. तिच्या तोंडातून शब्द निघाला तो अगदी हळू निघाला.

“हो.”

सेवंतीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. “मी लिहिलं,” ती म्हणाली. “मीच लिहिलं सगळं.”

“मग ही एकतीस नोव्हेंबर कुठून आली?”

“चुकली माझी.”

“तुझी चूक हिच्या वहीत पाच दिवस आधी कशी गेली?”

“ती... वही...” सेवंती अडखळली. घरी ती पावरी बोलायची. मराठी तिला चांगली यायची, पण घाई झाली की शब्द मागे राहायचे. धीरज सर जमिनीकडे बघत होते. पाच मिनिटांत निकाल झाला. सेवंतीचे एकशेवीस तास रद्द. मोहिनीला, वही दुसरीला दिली म्हणून, तोंडी समज. तास पूर्ण करणाऱ्यांच्या नावांची यादी सोमवारी पोर्टलवर चढणार होती.

बाहेर आल्यावर मोहिनी “सेवंती, ऐक ना” म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती.

घरी मोहिनीने ताट तसंच ठेवलं. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. सेवंतीचा फोन लागत नव्हता. तिच्या पाड्यावर रेंज नव्हती. टेकडीवर चढून कुणाला फोन करायचा झाला तरच ती फोन चालू करायची. मोहिनीने अठ्ठावीस मेसेज टाकले आणि एकावरही दुसरी खूण उमटली नाही.

शनिवारी सकाळी, हॉल तिकिटाचं काम आहे सांगून ती निघाली. म्हसावदपर्यंत बस, तिथून धडगावची जीप. जीपमध्ये पंधरा माणसं, तिच्या पायाशी कोंबड्यांची पाटी. घाट लागला तशी ती डोळे मिटून बसली. एका वळणावर तिने डोळे उघडले तर ड्रायव्हर सवयीने हात जोडत होता, तेव्हा ते वळण कुठलं ते तिला कळलं. पोटातलं सगळं वर आलं. शेजारच्या म्हातारीने तिला आपला पदर दिला.

धडगावहून दुसरी जीप, पुढे तासभर चालणं. पाड्यावर पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. सेवंती घरी नव्हती. तिची आई दिवलीबाई अंगणात होती. तिला मराठी येत नव्हती. मोहिनीचा लाल झालेला चेहरा तिने पाहिला, घरात गेली, हंडा कलता करून पाहिला. रिकामा होता. तिने हंडा डोक्यावर घेतला आणि मोहिनीला चल अशी खूण केली.

‘झरा क्रमांक चार. पाऊण तास उतार. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी.’ मोहिनीने हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. आता ती ते उतरत होती. दगड पायाखालून निसटत होते, चपलेचा पट्टा तुटला. खाली पोचल्यावर दिवलीबाई वाटीने पाणी भरत बसली. वाटी भरायला इतका वेळ लागे की मधल्या वेळात तिने मोहिनीच्या चपलेला रानवेलीची गाठ मारून दिली. पहिली वाटी तिने मोहिनीलाच पाजली. मोहिनी प्यायली आणि तिथेच मोठ्याने रडू लागली. दिवलीबाईला वाटलं पायाला लागलं असेल. ती पाय तपासू लागली.

वर येताना सेवंती भेटली. कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिने आधी आईच्या डोक्यावरचा हंडा आपल्या डोक्यावर घेतला.

“का आलीस?”

“मी सरांना खरं सांगते. आजच. तू चल माझ्यासोबत.”

“काल तोंड नव्हतं तुला?”

“घाबरले मी. बाईंनी असं विचारलं की...”

“मला पण विचारलं. मी पण घाबरले.” सेवंती चालतच होती. “गावात मी सगळ्यांना सांगितलंय, नाशिकला जाणार म्हणून. हे झरे दाखवायला म्हातारी माणसं माझ्यासोबत उन्हात फिरली. आता त्यांना काय सांगू? तिथे मी खोटी ठरले?”

“चल ना, सेवंती. पाया पडते तुझ्या.”

“मी कशाला येऊ? खोटं तू बोललीस. तूच जाऊन सांग.”

दिवलीबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मोहिनीला जेवून जा म्हणून ती हाताने सांगत राहिली. पण चारची जीप चुकली असती तर दुसरी नव्हती.

शहाद्याच्या स्टँडवर ती उतरली तर समोर वडील उभे. म्हसावदला कुणीतरी तिला जीपमध्ये चढताना पाहिलं होतं. त्यांचे ओठ सुकले होते. दुपारपासून ते येणारी प्रत्येक गाडी बघत असावेत.

“माले सांगीसन तरी जाती,” ते एवढंच म्हणाले.

मोहिनीने तिथेच, रसवंतीच्या बाकावर बसून, सगळं सांगितलं. वही, तारीख, ‘हो’. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “मन्हामुये व्हयनं हाई समदं.”

“नाही दादा, तुमच्यामुळे नाही. मी बोलले.”

ते उठले. “चाल. तुन्हा सरना घर कोठे शे?”

धीरज सरांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. यादी सोमवारची होती, पण प्राचार्यांनी ती आज दुपारीच चढवली होती. “मला शुक्रवारीच शंका आली होती,” ते म्हणाले. “पेन्सिलने झऱ्याकाठीच लिहितात, टेबलावर नाही. मी बोलायला हवं होतं.” दगा पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. सरांनी कागद-पेन पुढे केलं. मोहिनीने त्यांच्याच टेबलावर कबुलीजबाब लिहिला. 

सोमवारी प्राचार्यांनी तो वाचला आणि शुक्रवारी कुणी न काढलेला नियम काढून दाखवला : वही देणारा आणि घेणारा, दोघे सारखेच दोषी. आता दोघींचेही तास रद्द.

“सर, मी मागितली म्हणून तिने दिली!” मोहिनी ओरडली. “तिला कळलंही नव्हतं मी शब्दन् शब्द उतरवीन. माझं काय करायचं ते करा. तिचं पुसू नका!”

तिला बाहेर जायला सांगितलं.

धीरज सर मात्र त्यानंतर स्वस्थ बसले नाहीत. मे महिन्यात ते स्वतः पाड्यावर गेले, सेवंतीबरोबर अकराही झऱ्यांवर फिरले, परत येऊन अहवाल लिहिला आणि विद्यापीठात खेटे घातले. सेवंतीचे तास मान्य झाले, पण ते पत्र निघालं ऑगस्टअखेर. नाशिकची दारं जुलैतच बंद झाली होती. मोहिनीचे रद्दच राहिले. तिने एकशेवीस तासांसाठी पुन्हा नाव घातलं. आता दर शनिवारी वडील तिला म्हसावदला जीपमध्ये बसवून देतात आणि ती धडगावला पोचल्याचा फोन येईपर्यंत तिथेच थांबतात.

सेवंतीची नवी गुणपत्रिका सप्टेंबरात आली. ती न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा मोहिनीने सरांकडून मागून घेतली. सेवंती नवापूरला होती, तिच्या भावाबरोबर, बाज्याबरोबर, एका पोल्ट्रीत अंडी निवडायच्या कामाला.

मोहिनी तिथे गेली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. सेवंती शेडबाहेर आली, केसांत भुसा. तिने हात ओढणीला पुसले आणि कागद घेतला. खालची ओळ तिने बोट ठेवून वाचली. ‘पाणी आणि समाज, क्षेत्रकार्यासह पूर्ण.’

“पुढच्या वर्षी चालेल का ही?”

मोहिनीने संस्थेला तीनदा विचारलं होतं. या जागा त्याच वर्षी पास होणाऱ्यांसाठी असतात, एवढं फोनवर कुणीतरी म्हणालं होतं. लेखी उत्तर आलं नव्हतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

सेवंतीने मान हलवली. कागदाची घडी करावी की नको, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने तो तसाच मोहिनीकडे परत दिला. “इथे खराब होईल. तूच ठेव सध्या.”

आत कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली.