लादीन संपेपर्यंत

टिपर मागे जात होता आणि मी केबिनमध्ये बसून जोरजोरात गात होते, त्यामुळे तो आवाज मला ऐकूच आला नाही. हल्ली मी सारखी गातच असते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझ्या घशातून आवाज फुटत नसे. तालुक्याच्या नाट्यगीत स्पर्धेत पहिली आले आणि सगळंच बदललं. पप्पा म्हणतात, आता तुला गाडीच्या हॉर्नच्या जागी बसवायला पाहिजे.

समोरून बस आली होती. गोव्यातल्या आमच्या पार्सेच्या त्या वळणावर दोन मोठ्या गाड्या मावत नाहीत, म्हणून पप्पांनी चिऱ्यांनी भरलेला टिपर मागे घेतला. बस निघून गेली. पप्पा उतरून मागे बघायला गेले, ते परत येईचनात.

मग मीही उतरले. रस्त्याकडेचा पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, चौथऱ्यावरून उखडून पडला होता. दोन तुकडे. पप्पा डोक्याला हात लावून उभे होते.

कुठलाही खुरीस असता तरी वाईटच. पण हा नॉर्बर्टचा होता. रस्त्यावर अपघातात माणूस जातो, तिथे घरचे खुरीस बांधतात. मी अगदी लहान असताना नॉर्बर्टला याच वळणावर एका ट्रकने उडवलं आणि ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. तो कधी सापडलाच नाही. नॉर्बर्टची आई म्हणजे पियेदाद आंटी. तिच्याच घराच्या मागच्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. दर वर्षी त्याच्या दिवसाला ती इथे लादीन म्हणवते, म्हणजे खुरसासमोर सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. आणि तो दिवस आजच होता.

"पप्पा, आंटीला सांगायला जाऊया."

"आधी देवाक सांगूया, माणसांक मगे. धाव, दुकानातसून नारळ, कुंकू आणि उदबत्ती घेवन ये."

पप्पा मूळचे हद्दीपलीकडच्या दोडामार्गकडचे. आमच्यात देवाच्या जागेला चुकून पाय लागला तरी नारळ फोडून गाऱ्हाणं घालतात. मी धावत गेले, धावत आले. पप्पांनी तुकडे उचलून चौथऱ्यावर नीट ठेवले, त्यांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या हातसून चुकी झाली, ती पदरात घे." "व्हय म्हाराजा," असं म्हणायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून मीच म्हटलं.

तेवढ्यात संध्याकाळसाठी दिव्यांच्या माळा घेऊन कायतान आणि त्याची पोरं आली. कायतान म्हणजे नॉर्बर्टचा मावसभाऊ. त्या दिवशी नॉर्बर्टच्या मोटरसायकलवर मागे तोच बसला होता. अजून लंगडतो.

त्यांना काय दिसलं ते आता मला कळतं. मोडलेला खुरीस, त्यावर लाल कुंकू, फुटलेला नारळ आणि हात जोडून उभा असलेला एक माणूस.

"देवूळ बांदतलो मरे हांगा तूं? आमचा खुरीस मोडून?" कायतानने माळा खाली टाकल्या.

"नाय रे बाबा. रिव्हर्स घेताना चुकान लागला..."

"आणि कुंकू? तेंय चुकून लागलं? नारळ आपोआप फुटला?"

"काका, पप्पा माफी मागत होते!" मी ओरडले. अख्खा हॉल भरून टाकणारा माझा आवाज. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

कायतानने पप्पांची कॉलर धरली. मोटरसायकली थांबायला लागल्या. माणसं उतरायची, खुरसाकडे बघायची, कुंकू बघायची, की त्यांचे चेहरे बदलायचे. एकाने मोबाईल वर धरला. एकाने आमच्याच टिपरमधला जॅकचा दांडा काढून आणला. "भायले येतात आणि आमच्याच डोक्यावर बसतात," कुणीतरी मागून म्हणालं.

"देवकी, तू घराक जा," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधीच ऐकला नव्हता.

मी हलले नाही. 

तेव्हा पियेदाद आंटी आली. काळा झगा, हातात मेणबत्त्या, मागे व्हायोलिन घेऊन म्हातारा ब्रास. कुणी न सांगता माणसांनी तिला वाट दिली. तिने खुरीस बघितला, कुंकू बघितलं, मग पप्पांकडे बघितलं.

"गोपाळ, तुवें?"

"व्हय बाय. माझ्याच गाडीन."

"आंटी, तू बाजूला हो," कायतान म्हणाला. "तेव्हा कोण सापडला नाही. आज सापडलाय."

सगळे तिच्याकडे बघत होते. ती एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. गप्प राहिली असती तरी पुरे होतं. तिच्या मुठीतली मेणबत्ती कडकन मोडली. मला वाटलं, ही आता पप्पांच्या थोबाडीत मारणार, आणि तिने मारली की बाकीचे थांबणार नाहीत.

"ब्रास," ती म्हणाली, "सूर दी."

"आत्तां?" ब्रास गोंधळला. "अजून लोक येवपाचे आसात."

"आणि हे कोण? कावळे?"

ती पप्पांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पाठ पप्पांकडे, तोंड जमावाकडे. कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून तिने खुरसाची खूण केली आणि सुरू झाली.

आमच्या गावातल्या लादिनीची एक रीत आहे. एकदा सुरू झाली की संपेपर्यंत कुणी बोलत नाही, कुणी जात नाही, डोक्यावर टोपी ठेवत नाही. म्हणणारा देवाच्या आईला एकेका नावाने हाक मारतो आणि प्रत्येक हाकेला सगळे एकच उत्तर देतात, "ओरा प्रो नोबीस," म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर.

आंटीने पहिली हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसरी मारली. नुसतं व्हायोलिन वाजत राहिलं. कायतानची मूठ पप्पांच्या कॉलरवर तशीच.

भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकून मला ती चाल पाठ होती. तिसऱ्या हाकेला मी उत्तर दिलं. एकटीने, चिरक्या आवाजात. चौथ्या हाकेला ब्रास माझ्याबरोबर आला. मग मागून कुणीतरी आलं. लहानपणापासूनची सवय ती, तोंड आपोआप उघडतं. दांडेवाल्याने एका हाताने डोक्यावरची टोपी काढली. मोबाईल खाली गेला. कायतानचे ओठ हलत होते, दात मात्र आवळलेले.

मग गुडघे टेकायची जागा आली. सगळे टेकले. मीही टेकले. कायतान कॉलर धरून टेकायला गेला, पण त्या लंगड्या पायाने त्याला ते जमेना. त्याने कॉलर सोडली आणि तो हात जमिनीला लावला.

पण नावं संपत आली होती. मला शेवट माहीत होता. तो जवळ येत गेला तशी मी घामाने भिजले. कायतानलाही तो माहीत होता. तो आधीच उठून उभा राहिला होता. आंटी शेवटच्या नावाशी आली, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

ब्रासने तिच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि गज पुन्हा तारांवर ठेवला. कुणीतरी खुदकन हसलं, पण उत्तर दिलंच.

दुसऱ्या फेरीत तिचा आवाज गेला. आईची नावं चालली होती, एकामागून एक, सगळी आईचीच. मध्येच ती थांबली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. ती पडलेल्या तुकड्यांकडे बघत होती. व्हायोलिन थांबलं. कायतानने पाय पुढे टाकला.

मी पुढचं नाव उचललं. चाल ठाऊक होती, शब्द अर्धेमुर्धेच. बहुतेक दोन नावं मी एकातच घुसवली. स्पर्धेत असं गायले असते तर परीक्षकांनी खालीच बसवलं असतं. पण उत्तर आलं. मग मी थांबलेच नाही. जे आठवलं ते गात राहिले, आंटीचा आवाज परत येऊन माझ्या आवाजात मिसळेपर्यंत.

त्याच फेरीत पोलिसांची जीप आली, कुणीतरी फोन केला असावा. हवालदार उतरला, लादीन बघून तोही गप्प उभा राहिला. आता आंटीने शेवट केला. खूण केली आणि वळली.

"गाडी मागे घेताना लागला," तिने हवालदाराला सांगितलं. "हें चेडूं, देवकी, गाडयेंत आशिल्लें, तिला विचारा. कुंकू माफीचं आहे. काय लिहायचं ते लिहा. पण जीपमध्ये मी याच्या बाजूला बसणार."

"आंटी, तू याच्या बाजूने?" कायतानचा आवाज फाटला.

"मी नॉर्बर्टच्या बाजूने," ती म्हणाली. "त्याला मारणारा पळून गेला. हा थांबला. थांबलेल्याला तुम्ही मारलं, तर पुढचा कोण थांबेल रे?"

कायतान लंगडत चौथऱ्याकडे गेला.

जीपमध्ये चढल्यावर पप्पा रडायलाच लागले. "बाय, माका माफ करा."

"आत्तां मागूं नाका. आत्तां मागल्यार मी माफी दिवची ना." आंटी झगा सावरत चढली. "माका राग आसा, गोपाळ. खूब राग आसा. तोंडाने म्हटलं ते पोटात उतरायला वेळ लागेल. सरक, जागा कर."

मग बाहेर डोकं काढून तिने मला हाक मारली. "देवकी! ब्रासच्या स्कुटरीवर चण्यांचो टोप आसा. सगळ्यांक वाट. एकालाही सोडायचं नाही, कळलं?"

जीप गेली.

लादीन झाली की उकडलेले चणे वाटतात, ओल्या खोबऱ्याचे तुकडे घालून. मी कागदाचे पुडे भरून वाटायला लागले. दांडेवाल्याने मान खाली घालून घेतला. मोबाईलवाल्याने दोन मागितले, निर्लज्ज. कायतान चौथऱ्याच्या कडेवर दुखरा पाय पसरून बसला होता. त्याला टाळून मी पुढे गेले. खरं सांगते, पुडा त्याच्या तोंडावर फेकावासा वाटत होता. दुसऱ्या टोकापर्यंत वाटून झालं आणि टोपात अजून चणे उरलेच होते.

मी मागे आले. एक पुडा भरला आणि त्याच्यासमोर धरला.

तो बघेना. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून रस्त्याकडे बघत राहिला. मागे ब्रास व्हायोलिन पेटीत ठेवत होता. माणसं निघायला लागली, मोटरसायकली सुरू झाल्या.

"काका, घ्या," मी म्हटलं. माझा आवाज पुन्हा गेल्या वर्षीसारखा, फुटेल न फुटेल असा.

त्याने हात काढला नाही. मीही माझा हात मागे घेतला नाही.