ऑरविलकाकांच्या हातातली दहावी फेरी

मी एक जुना, काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा आहे. मित्रांनो, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात मातीच्या गोल धावपट्टीवर मोटारसायकलींची शर्यत संपली, की मला फडकवतात. ऑरविल स्टकींच्या पत्नीने टेबलावरच्या कापडातून मला शिवले. तेव्हापासून तीस वर्षे मी ऑरविलकाकांच्याच हाती आहे.

पूर्वी आमच्याकडे निकाल आरडाओरड्याने लागत असे. ज्याचे नातेवाईक जास्त, तो पहिला! जोलीन ट्वेट नावाची मुलगी एकदा जिंकूनही अशीच हरली. कोणी पडले, तर गुरांचा डॉक्टर धावत येई. तो बिचारा सवयीने आधी दात तपासायचा.

यंदा शर्यती भरवणाऱ्या आमच्या क्लबने राष्ट्रीय संघटनेची मान्यता घेतली. "आपल्याच गावात धावायला परक्यांची परवानगी कशाला?" काका फणफणले. पण फाटकाशी रुग्णवाहिका उभी राहिली, विमा आला आणि इथले गुण देशभर धरले जाऊ लागले. वरच्या गटात जायला जोलीनला आता एकच विजय हवा होता.

शर्यत दहा फेऱ्यांची होती. दहावी फेरी संपवत जोलीन सर्वांत पुढे आली आणि काकांनी जोशात हात उंचावला. त्या हातात सॉसेजचा पाव होता! मी काखेत चेंगरलो होतो. झेंडा दिसेना, म्हणून सगळे अकरावी फेरीही धावले आणि तीत काकांचा भाचा ड्वाइट पुढे गेला.

"मामा, मीच ना पहिला?" ड्वाइट ओरडला. अर्धे गाव त्याचेच नातलग, टाळ्यांचा कडकडाट झाला. जोलीनने हेल्मेटसुद्धा काढले नाही. मला फार वाईट वाटले.

संघटनेच्या पंचबाईंनी नियमपुस्तक उघडले. "झेंडा उशिरा फडकला, तर निकाल ठरलेल्या फेरीचाच धरतात. काका, दहावी फेरी संपली तेव्हा पुढे कोण होतं?"

काकांनी भाच्याकडे पाहिले, मग मोहरीच्या चटणीने माखलेल्या आपल्या बोटांकडे. "जोलीन होती, बाई. माझ्याच हातात झेंड्याऐवजी पाव होता."

"मामा! थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना घरातलं कुणी बोलणार नाही तुझ्याशी!"

"बरंच झालं. शांतपणे जेवीन तरी."

मग मला हाती घेऊन जोलीनने विजयाची फेरी मारली. अशा फेऱ्या मी कितीतरी जणांबरोबर मारल्या आहेत, पण मी खऱ्या विजेत्याच्याच हातात आहे, अशी खात्री मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. म्हणून सांगतो, मित्रांनो, मला जपा, अधूनमधून धुवा आणि मला उचलताना समोरून कोणाचा भाचा येतोय, ते मुळीच पाहू नका.