चाळिसाचा नांगर

मी लोखंडी नांगर बोलतोय, वळसंगच्या गुरुलिंगाच्या घरचा. लोखंडाला कसली आलीय लाज, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

सन अठ्ठावीसमध्ये सोलापुरातून बैलगाडीत बसून मी गावात शिरलो, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं होतं. काय तो माझा रुबाब! लाकडी नांगरांना चार पिढ्या दाद न देणारी हरळी मी पहिल्याच दिवशी मुळासकट उपटून काढली.

गुरुलिंग आणि त्याच्या मयत भावाची बायको काशम्मा, दोघांची शेती एकत्र. खर्च निम्मा, पीक निम्मं. काशम्माला अक्षर येत नव्हतं, म्हणून वही गुरुलिंग लिहायचा. दर पाडव्याला ओसरीवर बसून तो सालभराचा हिशेब तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

माझी किंमत चाळीस रुपये. त्या साली लोखंडी नांगर घेणाऱ्याला सरकार निम्मे पैसे देत होतं. गुरुलिंगालाही वीस मिळाले. पाडव्याला त्यानं वाचलं, "नांगर खरेदी, चाळीस." खर्चाला चाळीस मांडले होतेच. जमेला सरकारचे वीस मात्र त्यानं लिहिलेच नव्हते.

"मंजी माजे वीस की," काशम्मा म्हणाली. लेकीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले चांदीचे वाळे तिनं मोडले आणि पैसे आणून दिले. म्हणजे वीस सरकारचे, वीस काशम्माचे. माझ्यात गुरुलिंगाची दमडी नव्हती, आणि गावभर मिरवत होता तोच! मी तिथंच ओसरीला टेकून होतो. सगळं ऐकलं आणि मूग गिळून बसलो.

कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, बैल सजवायचे, तेव्हा काशम्मा मलाही धुऊन भस्माची तीन बोटं ओढायची. "अर्धा माजा हाय ह्यो," असं कौतुकानं म्हणायची. अहो, ते भस्म मला चटके द्यायचं. पुढं तिच्या लेकीचं लग्न झालं. पोरीच्या मोकळ्या पायांकडं गुरुलिंगाला बघवेना. मांडवात तो खाली मान घालून फिरत होता.

मी घरात आल्यावर आठ वर्षांनी वाटण्या झाल्या. गुरुलिंग घाईघाईनं म्हणाला, "काशम्मा, नांगर तू घे."

"फुकट कसा? अर्धा तुमचा हाय की त्यात. जुना झालाय, तरी धा रुपये घ्या." तिनं पदराची गाठ सोडली.

ते दहा रुपये पुढ्यात आले आणि गुरुलिंग दोन हात मागं सरकला.

"शिवा शिवा! नगं गं बाई! माजा एक पैसा न्हाय त्यात. निम्मे सरकारनं दिले हुते. म्या लिवलंच न्हाय."

काशम्मानं ते दहा रुपये परत पदराला बांधले. मग हळूच म्हणाली, "तर मग माजी पोर मोकळ्या पायानं का गेली, भाऊजी?"

गुरुलिंगानं मला ओढत तिच्या गोठ्यात नेऊन ठेवलं.

आता मी काशम्माच्या गोठ्यात असतो. अजून शेत नांगरतो. बाबांनो, गेलेलं मांडता तसं आलेलंही मांडत जा, एवढंच माझं सांगणं.

यंदा कारहुणवीला तिनं मला नेहमीसारखं धुतलं, पुसलं. भस्म मात्र लावलं नाही. आणि मलाही ते मागायला तोंड नव्हतं.