कारा-बेलची खिंड आणि तीन कारीपोव्ह

हे कोणाला पटायचं नाही, मला ठाऊक आहे. तरी जिल्ह्याच्या दप्तरखान्यातले ते कागद मी या डोळ्यांनी पाहिलेत.

झालं असं. माझी नात ऐजार्किन हिने लग्न ठरवलं मेलिसशी. तोही कारीपोव्ह, आम्हीही कारीपोव्ह. त्याचं घर कारा-बेल खिंडीपलीकडे. म्हातारी गेल्यापासून माझ्या तंबूत चुलीपाशी आम्ही दोघंच, मी आणि ही पोर. आता ही निघाली.

आमच्यात सात बापांच्या आत रक्त जुळलं की सोयरीक मोडते. मी मोठ्या आशेने मेलिसला समोर बसवून बापजाद्यांची नावं म्हणायला लावली. त्याने सातही घडाघडा म्हटली. माझ्या सातांतला एकही त्यांत नाही. पूर्वी कारकून यायचे, बापाचं नाव विचारायचे आणि तेच आडनाव म्हणून चिकटवायचे. कारीप नावाचे बाप तर दर डोंगरामागे एक.

मग मी दप्तरखाना गाठला. तिथे आणखी कारीपोव्ह निघाले, एकमेकांचे कोणी न लागणारे. एक मेंढपाळ, एक घोडेचोर, एक शाळामास्तर. तिघेही नवी नवरी घेऊन कारा-बेल ओलांडायला निघालेले. मेंढपाळाचा घोडा तेवढा परतला. खोगीर ओलं, रिकिबीत नवरीचा एक बूट. घोडेचोराची दोन्ही घोडी आली, पण मरेपर्यंत खिंडीकडे पाठ करून उभी राहिली नाहीत. मास्तरचा ट्रक सापडला. इंजिन चालू, थर्मासात चहा गरम, आणि दोघांच्या जागी सीटवर बर्फ. बाहेर भर उन्हाळा.

हे मी निरोपाच्या जेवणात सांगितलं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे वाडगे हातातच राहिले. मेलिसचा काका खिंडीकडे बघायला लागला. तिथे काळा ढग उतरत होता, तोही अगदी वेळेवर.

"जावईबापू," मी हळूच म्हणालो, "ती खिंड रक्त बघत नाही, आडनाव बघते. इथंच राहा ना. माझी मेंढरं तुमचीच."

मेलिसने हातातला लगाम खाली ठेवला. मला वाटलं, जमलं.

ऐजार्किन मात्र घोडीवर आजीचं खोगीर आवळतच होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"आजीला याच खोगिरावर बसवून कारा-बेलमधून आणलंत, आजोबा, तेव्हा तुमचं आडनाव काय होतं?"