शेवंतीची दुसरी खोली

श्रद्धाने नकाशात बिबट्याच्या मादीसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "एका जनावराला टू बीएचके कशाला?" नारायण पेठेत वाढलेली बाई, ती कसली गप्प बसते! म्हणाली, "काळजी करू नका, ती एक खोली भाड्याने देणार नाही."

प्राण्यांचे पिंजरे आखणं हा श्रद्धाचा धंदा. शहराच्या कडेला असलेल्या त्या प्राणिसंग्रहालयातला बिबट्यांचा विभाग तिनेच केला होता, आणि त्या दोन खोल्यांसाठी ती सगळ्यांशी भांडली होती. बिबट्याची मादी व्याली की पिल्लं एका जागी ठेवत नाही. माणसाची चाहूल लागली, वेगळा वास आला, की पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे नेते. जायला दुसरी जागाच नसेल, तर नुसती नेत राहते, आणि तोंडात धरून धरून ते पिल्लू मरतं. म्हणून दोन अंधाऱ्या खोल्या, मधे सरकतं दार. एका खोलीत आई, दुसरी कायम रिकामी. रिकामी म्हणजे रिकामी.

आता, पुण्यात रिकामी खोली कुणाला बघवते? कुणी गवताच्या पेंढ्या ठेवू म्हणालं, कुणी बादल्या. शेवटी श्रद्धाने तिथला राखणदार रतन आणि झाडलोट करणारी त्याची बायको ललिता यांना समोर बसवलं आणि सोप्या भाषेत सांगितलं. "ही बाळंतिणीची खोली समजा. सव्वा महिना तिकडे कुणी फिरकायचं नाही. रतनने खाणंपाणी द्यायचं आणि निघायचं." ललिताला ते लगेच पटलं. कुलूपसुद्धा तिनेच आणून लावलं. श्रद्धा खूश झाली. शिकल्यासवरल्या साहेबांपेक्षा ही माणसं बरी, असं घरी जाऊन म्हणालीही.

ही मादी म्हणजे शेवंती, उसाच्या फडात सापडलेली, मागच्या पायाने अधू, रानात परत सोडण्यासारखी नव्हती. तिला दोन पिल्लं झाली आणि सगळा विभाग हरखला. सगळ्यात जास्त ललिता. तिच्या लेकीचं बाळंतपण सासरीच उरकलं होतं. हिच्या वाट्याला ना शेक-शेगडी आली, ना पाळणा.

बाराव्या दिवशी दुपारी रतनचा फोन आला. "मॅडम, शेवंती पिल्लू तोंडात धरून नुसती फिरतीय. थांबंना."

श्रद्धा पोचली. आधी तिला वास आला. ओवा, बाळंतशोपा, अगरबत्ती, मोगरा. आपल्या घरात हा वास आला की जीव सुखावतो. तिथे ती वासामागे धावत सुटली. दुसऱ्या खोलीच्या दाराशी घुगऱ्या सांडल्या होत्या.

सकाळी बारसं झालं होतं. रतनने मधलं दार लावून घेतलं होतं, त्यामुळे बायकांना धोका नव्हता. पाचजणी रिकाम्या खोलीत जमल्या, पाळणा टांगला, पिल्लं काही मिळणार नव्हती म्हणून त्यात वरवंटा निजवला, धुरी केली, पाळणा म्हटला. मग सगळं आवरून, खोली झाडून, मधलं दार पुन्हा उघडून ठेवलं. नीट, जिथल्या तिथे.

"कुणी सांगितलं होतं हे करायला?" श्रद्धा ओरडली नाही. तिचा आवाज खाली गेला, आणि तो जास्त वाईट.

"तुमीच म्हनला न्हवं ताई, बाळंतिणीची खोली हाय," ललिता म्हणाली. "मग बाळंतिणीला बाराव्या दिवशी कोन असं सुनं सोडतं का?"

श्रद्धा खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वळली.

त्यावर शेवंती दिसत होती. पिल्लू तोंडात धरून ती मधल्या दारापर्यंत लंगडत जायची, नाक पुढे करायची आणि मागे फिरायची. पुन्हा भिंतीपर्यंत, पुन्हा दारापर्यंत.

"धुऊन काढू का खोली?" रतनने विचारलं.

"धुवायला आत जाशील, तर ती आणखी बिथरेल. आणि फिनेलचा वास धुरीहून वाईट."

बाहेरच्या अंगणात सोडावं, तर तिथे संध्याकाळपर्यंत प्रेक्षकांची गर्दी. करण्यासारखं काहीच नव्हतं. श्रद्धाने सगळ्यांना लांब पाठवलं आणि पडदा बघत बसली. काही वेळाने शेवंतीच्या तोंडातलं पिल्लू हलेनासं झालं. तरी ती चालतच होती. दुसरं भिंतीशी पडलं होतं, त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी प्राण्यांचे डॉक्टर यज्ञेश्वर आले. त्यांनी बाहेरच्या अंगणाचं दार उघडायला लावलं. शेवंती मेलेलं पिल्लू घेऊन झुडपात शिरली. रतनने तिच्यामागे दार बंद केलं आणि आतलं दुसरं पिल्लू बाहेर आणलं. गार पडलं होतं, पण जिवंत होतं.

"ऊब देऊन परत तिच्याजवळ ठेवलं तर?" श्रद्धाने विचारलं.

"आता आपला हात लागला त्याला. आणि ती अशी सैरभैर. घेईलही, मारेलही," डॉक्टर म्हणाले. "लावता पैज?"

श्रद्धाने नकारार्थी मान हलवली. पैज लावायला तिच्याकडे एकच पिल्लू होतं. आता ते माणसांतच वाढणार, आईपाशी पुन्हा जाणार नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

दर दोन तासांनी दूध पाजायचं होतं, रात्रंदिवस. आवारात राहणारी, हाताला तान्ह्यांची सवय असलेली एकच बाई होती. श्रद्धाला तिचा राग येत होता, इतका की तिच्याकडे बघवत नव्हतं. तरी ते फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू तिने स्वतःच्या हाताने ललिताच्या मांडीवर ठेवलं. ललिता रडत होती. रडत रडतच तिने बाटली धरली, आणि पिल्लू चुरूचुरू प्यायला लागलं.

भिंतीपलीकडे शेवंती हाका मारायला लागली. लाकडावर करवत फिरावी तसा तो आवाज, थांबून थांबून येणारा. पिल्लाने मान वळवली नाही. त्याचे डोळे नुकतेच उघडले होते, आणि ते ललिताच्या तोंडाकडे बघत होतं.