थोरलीची रजई

तट्टूवाल्याने कातडं आणलं ते रजईत गुंडाळून. वर प्लास्टिक, त्यावर दोरीच्या तीन गाठी. दोन बस बदलून, सगळी वाट मांडीवर घेऊन आला होता. शाळेसमोरच्या मैदानात तो मुलांना तट्टांवर बसवून फेरी मारून आणायचा. थोरली आणि धाकटी, त्याच्या दोन घोड्या, एकोणीस वर्षं जोडीनं चाललेल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी थोरली गेली. कातडं लगेच सोलून घेतलं, पण इथे आणायला सकाळ उजाडली. रात्री थंडी फार होती, तो म्हणाला, आणि तिला पहिल्यापासून थंडी सोसत नसे. रजई तिचीच.

माझे सासरे कातडी कमावायचे. त्यांनी गाठी कापल्या. रजई उलगडली तशी आतून वाफ निघाली.

मी दारात होते, आठ महिन्यांचं पोर कडेवर. कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. सोललेलं कातडं रात्रभर उबेत राहिलं की त्यात काय वाढतं ते मला पुस्तकातून ठाऊक. सासऱ्यांना चाळीस वर्षांच्या हातातून. केसांची मुळं आधी सैल होतात. वरून काही दिसत नाही, वासही येत नाही. म्हणून तर कातडं निघालं की ते गार फरशीवर उघडं पसरायचं, चरबी खरवडायची आणि मीठ चोळायचं. तासाभरात. घडी घालायची नाही, झाकायचं तर मुळीच नाही.

तट्टूवाल्याला ते कातडं केसांसकट हवं होतं. तबेल्यात थोरली जिथे उभी राहायची तिथल्या भिंतीवर लावायचं, धाकटीला अंग घासायला. धाकटीने कालपासून तोंडात काडी घेतली नव्हती. “एवढं करून द्या दादा,” तो म्हणाला, “ती तरी राहील.” मग स्वतःच हसून म्हणाला की थोरली मोठी मानी बाई, उलटा खरारा केला की चावायची, तेव्हा जरा सांभाळून.

तो गेल्यावर सासऱ्यांनी पोटाकडच्या केसांवरून अंगठा फिरवला. ओढले नाहीत, नुसता फिरवला. अंगठ्याला पाच-सात केस चिकटून आले. ते त्यांनी पायजम्याला पुसले आणि मला मीठ आणायला सांगितलं.

मी म्हटलं, “बाबा, त्यांना आत्ताच सांगायला हवं होतं.”

“पाठीवरचे केस अजून धरून असतील,” ते म्हणाले. “पाठ राहिली तरी पुष्कळ.”

पोराला खाटेवर ठेवून मी मदतीला बसले. त्याला टोपी, दोन स्वेटर आणि वर शाल होती. एरवी सासरे चिडवायचे, पोर आहे की परगावी पाठवायचं गाठोडं. त्या दिवशी त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग त्यांनी कातड्याचे कान आतून उलटे केले, ओठांच्या कडा चिरून पसरल्या, पायाजवळची एकेक सुरकुती ताणून धरली. मी तिच्यात जाडं मीठ भरत गेले. मीठ न पोचलेली बोटभर जागाही नासायला पुरते, असं ते नेहमी म्हणत. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं मीठ झटकून टाकलं आणि नवं लावलं. जुनं वाळवून पुन्हा वापरू दिलं नाही. चूक म्हणून राहिली नव्हती. फक्त ती रात्र तेवढी परत घेता येत नव्हती.

तट्टूवाला रोज यायचा. धाकटी पाणी पिते, असं एकदा सांगितलं. पुढे तेही सांगेना.

आठव्या दिवशी कातडं मिठाच्या आणि अ‍ॅसिडच्या पाण्याच्या पिंपात टाकलं. दुपारी सासऱ्यांनी काठीने ते वर उचललं, आणि पाण्यावर तांबूस साय धरल्यासारखी दिसली. केस होते. पोट गेलं होतं, मान गेली होती. पाठीवर त्यांनी तळहात ठेवला आणि उचलला, तर हाताचा आकार तिथे राहिला, गुळगुळीत, राखाडी. ते तिथेच पालथ्या बादलीवर बसले.

संध्याकाळी तट्टूवाला आला. पिंपात डोकावला. मग हळूच विचारलं, “माझं काही चुकलं का, दादा? रजईमुळे तर नाही ना?”

सासरे म्हणाले, “नाही हो. मीठ जुनं निघालं. माझं लक्ष नव्हतं.”

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, “लोक सांगत होते, म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही, पण मी म्हटलं, माणूस जुना आहे. धाकटीचे दोन-तीन दिवस उरलेत, असं डॉक्टर म्हणतात.” मग माझ्याकडे वळून त्याने रजई मागितली.

मी ती धुऊन वाळत घातली होती. दोरीवरून काढली, आणि काढता काढता म्हटलं, “धाकटीच्या वेळी... गार फरशीवर उघडंच पसरा. जागच्या जागी मीठ चोळा. झाकू नका.”

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्याकडे नाही आणणार मी. दुसरा आहे एक, पुलापलीकडे.” आवाज मऊच होता. “आणि उघडं कसं ठेवू? तीही तिच्यासारखीच, थंडी सोसत नाही.”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते पिंपातले केस हाताने गोळा करून बाजूला ठेवत होते, जणू त्यांचं काही होणार होतं.

आत पोर रडलं. तट्टूवाल्याने रजई हुंगली, साबणाचा वास आला असणार, आणि नीट चौपदरी घडी घालून छातीशी धरली. तळहातावरच्या फोडासारखी जपून. प्लास्टिक आहे का, असं विचारलं. बाहेर दव पडायला लागलं होतं.

मी त्याला प्लास्टिक दिलं.