नजातच्या पेशींत काय गेलं

नजात लग्नाचे पोशाख शिवायची. वय एकतीस, पण बोटांच्या पेरांवर आणि कोपरांवर पिवळट गाठी आलेल्या. रक्तात कोलेस्टेरॉल इतकं, की ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या आमच्या प्रयोगशाळेचे प्राध्यापक मुन्सिफ, आम्ही सगळे त्यांना आदराने 'सी मुन्सिफ' म्हणतो, अहवाल पाहून बराच वेळ चष्मा पुसत बसले. "रिसेप्टरच बिघडलेत," ते म्हणाले. "गोळ्यांनी फारसं काही व्हायचं नाही."

त्यांची विद्यार्थिनी दोर्साफ मात्र हटून बसली.

"रिसेप्टर तपासलेत मी, सी मुन्सिफ. धडधाकट आहेत. पेशीच्या अंगावर बसून कोलेस्टेरॉलचे कण पकडतात. फक्त कण घेऊन आत जात नाहीत."

"का जात नाहीत?"

"त्यांच्या शेपटीला आतून एक प्रथिन धरतं, तेव्हाच ते आत ओढले जातात. नजातकडे तेच प्रथिन नसावं. तसं असेल तर यकृतात थोडे कण तरीही आत जात असतील, आणि गोळ्या ते काम वाढवतील."

"'नसावं'वर प्रबंध उभा राहत नाही, पोरी."

मी तिथली तंत्रज्ञ, बावीस वर्षं झाली. या दोघांची भांडणं मला पाठ होती. दोर्साफने नजातच्या रक्तातल्या पेशी वाढवल्या आणि निम्म्या पेशींत त्या प्रथिनाच्या जनुकाची निरोगी प्रत घातली. आता चमकणारा रंग लावलेले कोलेस्टेरॉलचे कण घालून सगळ्या पेशी बर्फात ठेवायच्या होत्या. गारठ्यात कण रिसेप्टरला चिकटतात, पण आत शिरत नाहीत. मग ऊब दिली, की कुठल्या पेशी त्यांना आत नेतात ते दिसतं.

नेमकं त्याच सकाळी बर्फाचं यंत्र बंद पडलं. दोर्साफ रडवेली झाली. मी बादली उचलली आणि मासळीबाजार गाठला.

हातेम मासेवाला बर्फ भरता भरता म्हणाला, "मबरूका, मासळी किती आहे?"

"मासळी कसली. चार थेंब पेशी."

"चार थेंबांना बादलीभर? न्यूमोनिया होईल की त्यांना." आणि वर दोन माकुळ टाकले. "हे त्या काटकुळ्या पोरीला खायला घाल."

दुपारी दोर्साफ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली ती उठेचना. शेवटी मीच तिला बाजूला सारलं. एका काचेवर पेशींच्या कडेनेच चमचमती रेघ होती, कण दारातच खोळंबलेले. दुसरीवर, निरोगी प्रत घातलेल्या पेशींत, ठिपकेच ठिपके, अगदी आतपर्यंत. सी मुन्सिफ आले, वाकले, दोनदा पाहिलं.

"मी चुकलो होतो," ते म्हणाले. बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. "लिहायला घे."

"आधी नजातला बोलवू," दोर्साफ म्हणाली.

नजात मानेभोवती मोजपट्टी तशीच लटकवून, जिने चढून धापा टाकत आली. दोर्साफने तिला दोन्ही काचा दाखवल्या आणि सावकाश समजावलं.

"म्हणजे ह्या माझ्याच?"

"तुमच्याच."

"आणि एवढंसं एक प्रथिन नसल्यामुळे सगळं अडलं होतं?"

"हो. रिसेप्टर बिचारे हात पसरून उभेच होते."

नजात पुन्हा वाकली. मग तिने हाताआड तोंड न लपवता अशी लांबलचक झग्रूता, म्हणजे जीभ नाचवत आनंदाची किलकारी, घातली, लग्नात बायका घालतात तशी, की शेजारच्या खोलीतले तिघे कुणाचं लग्न ठरलं ते पाहायला धावत आले. सी मुन्सिफनी त्यांना हुसकावलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी आकडा निम्म्याखाली उतरला. हे सांगायला नजात फोन न करता स्वतः जिने चढून वर आली, आणि तिला धापही लागली नव्हती.